उंबऱ्याबाहेरचा जागल्या

सकाळी उठावे आणि मागच्या भिंतीला माणूस आत जाईल एवढे भोक पडलेले दिसावे. मातीच्या घरांच्या गावात चोरी कळायची ती बहुधा अशी. पुढच्या दाराला कडी असे, अडसर असे. चोर त्या वाटेला जातच नसे. पांढऱ्या मातीची भिंत रात्रीच्या अंधारात हळूहळू कोरली की काम झाले. गलका झाल्यावर पाटलाकडे वर्दी जाई आणि पाटील जागल्याला बोलावून घेई. जागल्या भोकाजवळची माती पाही, पावलाचा ठसा पाही आणि त्या पावलामागे निघे. ठसा अनवाणी पायाचा की वहाणेचा, चालणारा एका पायावर जोर देतो का, ओझे घेऊन गेला का, हे त्याला वाचता यायचे. माग गावाच्या शिवेपर्यंत लागला की शेजारच्या गावच्या जागल्याला बोलवायचे आणि तो दाखवायचा. शेजारच्याने मान्य केला की पहिल्याची सुटका. पुढचा शोध दुसऱ्याचा. असा हातोहात गेलेला माग ज्या गावात जिरे, त्या गावाने चोर हजर करावा, नाहीतर गेलेल्या मालाची भरपाई करावी. आधी जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून, उरलेली सगळ्या गावाकडून.

ही रीत आपल्याला तपशिलात माहीत आहे ती मुख्यतः माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनमुळे. पेशवाई गेल्यावर जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल त्याने १८१९ साली लिहिला, त्यात गावच्या पोलिसी व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. जागल्याची कामे तो सांगतो: रात्री पहारा, गावात कोण आले-गेले याची खबर, परक्या माणसावर नजर, संशयिताची पाटलाला वर्दी; आणि गावातल्या प्रत्येक माणसाचा स्वभाव आणि चालचलन ठाऊक असणे. भरपाईची पद्धत त्याला अन्यायाची वाटली. चोरी रोखणे गावाच्या हातात नसेल आणि भरपाई देण्याची ऐपतही नसेल, तर ती वसूल का करायची, असा त्याचा आक्षेप होता. पूर्ण भरपाई क्वचितच घेतली जाई, दंड मात्र बहुधा होई, असेही त्याने नोंदवले आहे.

आज एखाद्या वस्तीत घर घेताना 'भाग सेफ आहे ना?' असे आपण विचारतो. त्या प्रश्नाच्या मुळाशी गेलो तर तिथे हा जागल्या भेटतो. त्याचा पुढचा प्रवास पाहिला की एक गोष्ट फार अस्वस्थ करते. वस्तीने आपली झोप ज्याच्या भरवशावर घेतली, त्याला कधी वस्तीत घेतले नाही आणि त्याच्यावर विश्वासही टाकला नाही. काही हरवले की पहिला संशय त्याच्यावरच.

हा जागल्या होता कोण? पुणे-साताऱ्याकडे रामोशी, खानदेशात भिल्ल, सह्याद्रीच्या मावळांत कोळी, दक्षिणेकडे बेरड. गावाच्या वेशीवर वेसकर म्हणून महार. यांपैकी कुणाचेही घर गावाच्या मधोमध नव्हते. रामोशवाडी कडेला, महारवाडा वेशीबाहेर. रात्री वेस बंद झाल्यावर गाव आत आणि गावाची राखण करणारा बाहेर, अशी ही रचना. रामोशी-भिल्लांना हे काम देण्यामागे आणखी एक हिशेब होता. डोंगराच्या आडोशाने राहणाऱ्या, धाडी घालण्याची ताकद असलेल्या लोकांनाच राखणीचे हक्क दिले की धाडी थांबतात, हे गावाला आणि राज्यकर्त्यांना दोघांनाही समजले होते. म्हणजे त्याला मिळणारे धान्य अर्धे मजुरी होते आणि अर्धे शांततेची किंमत. देणाऱ्याच्या मनात त्यामुळे भीती कायम राहिली आणि घेणाऱ्याच्या माथ्यावर चोराचा शिक्काही कायम राहिला.

महारांची गोष्ट याहून कडवट. वेस राखणे, शिवेच्या खुणा सांभाळणे, सरकारी पट्टी पोचवणे, गावात आलेल्या अंमलदाराच्या पुढे धावणे, ही कामे वतनाची म्हणून त्यांच्या गळ्यात होती आणि त्यांना वेळेची मर्यादा नव्हती. घरचा कर्ता नसेल तर बापाला किंवा मुलाला जावे लागे. मोबदला म्हणजे थोडी वतनी जमीन, बलुते आणि दारोदार मागून आणायची भाकरी. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कामे नक्की ठरवा, बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, ज्याला सुटायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखून सुटू द्या, अशी त्याची मांडणी होती. ते मंजूर झाले नाही. कनिष्ठ वतने संपली ती १९५८ च्या कायद्याने. माझ्या मते वस्तीच्या सुरक्षिततेबद्दल महाराष्ट्रात झालेला सर्वांत मूलभूत युक्तिवाद १९२८ च्या त्या विधेयकात आहे. राखणदाराच्या जागरणाला किंमत आहे आणि ती भाकरीत मोजता येत नाही, हे कायद्याच्या भाषेत तिथे म्हटले गेले.

भरपाईच्या रीतीकडे पुन्हा एकदा पाहायला हवे, कारण गुन्ह्यांच्या आकड्यांचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ज्या गावावर दंड बसणार, ते गाव चोरी झाल्याचे उघडपणे कशाला सांगेल? माग आपल्या शिवेत शिरला असे कबूल करणे म्हणजे पैसे मोजणे. उत्तर द्यावे लागणाऱ्याला झाकून ठेवण्याची ओढ असतेच, आणि ती त्या काळाबरोबर संपली नाही. भारतात १९५३ पासून देशभरातल्या गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध होते. पण ती पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यांची. गुन्हे वाढले की ठाण्याच्या नावाने ओरड होणार, म्हणून फिर्यादीऐवजी साधा अर्ज लिहून घेणे, चोरीऐवजी 'गहाळ' असे टिपणे, हे अनुभव शहरात राहणाऱ्या कुणालाही नवे नाहीत. २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक केले, ते यामुळेच. तेव्हा एखाद्या भागात नोंदी जास्त आहेत म्हणून तो भाग वाईट, असे लगेच म्हणता येत नाही. तिथले ठाणे प्रामाणिकपणे लिहीत असेल, किंवा तिथल्या लोकांना ठाण्याची पायरी चढायची भीती वाटत नसेल.

गावातून शहरात आले की राखणीचे स्वरूप पालटते. पेशव्यांच्या पुण्यात कोतवाल होता. पेठांमध्ये त्याच्या चौक्या, हाताखाली प्यादे, स्वार आणि रामोशी. जन्म-मृत्यूपासून घरांच्या खरेदी-विक्रीपर्यंत आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यापर्यंत नोंद त्याच्याकडे. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायचे नाही. सापडला त्याला सकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवत. पेशव्यांच्या फौजेत चाकरी केलेला विल्यम टोन तर लिहितो की अवेळी बाहेर सापडल्याने खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अडकून पडावे लागले होते. एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यात रेसिडेंट होता. आपल्या काळात शहरात मोठे दरोडे विरळा झाले आणि मालमत्तेला धोका असल्याची तक्रार आपल्या कानावर आली नाही, असे त्याने म्हटले आहे. थोडक्यात, शहर सुरक्षित होते. आता या सुरक्षिततेची दुसरी बाजू.

ऑगस्ट १७९१. श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण चोरीच्या आळावरून घाशीराम कोतवालाच्या माणसांनी पकडले आणि एका कोंदट कोठडीत रात्रभर डांबले. सकाळी दार उघडले तेव्हा वीसहून अधिक जण गुदमरून मेले होते. शहर खवळले. नाना फडणविसांना घाशीरामला जमावाच्या हाती द्यावे लागले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव घराघरांत पोचले, आणि नाटकाच्या वादात मूळ घटनेतली एक साधी बाब मागे पडली. ही माणसे परकी होती. शहरात त्यांना ओळखणारे, 'हा आमचा माणूस' म्हणून चौकीत येऊन सोडवणारे कुणी नव्हते. गावचा जागल्या माणसाला चेहऱ्याने आणि स्वभावाने ओळखे. कोतवालाच्या प्याद्याकडे ओळख नव्हती, अधिकार मात्र होता. ओळखीची जागा संशयाने घेतली की काय होते, ते त्या कोठडीत दिसले.

इंग्रज आल्यावर राखणीचे जुने हक्क डळमळले. उमाजी नाईकांचे घराणे पुरंदरच्या रखवालीतले. किल्ल्याची ही रखवाली दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच रामोशांकडून काढून घेतली गेली होती. कंपनी सरकारच्या अमलात उरलेसुरलेही जाऊ लागले. १८२६ च्या सुमारास पुणे-साताऱ्याच्या डोंगरांत रामोशी उठले. मध्यंतरी सरकारने उमाजींना माफी दिली, जमीन दिली, त्याच मुलखाच्या बंदोबस्ताचे कामही सोपवले. ते जमले नाही. पुन्हा बंड, पुन्हा पाठलाग, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी. पाठलागात असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने लगोलग १८३३ साली रामोशांवर पुस्तक लिहिले. एकाच माणसाला एकच सरकार कधी बंडखोर, कधी राखणदार आणि शेवटी गुन्हेगार म्हणते, हा उमाजींच्या चरित्रातला भाग मला फार बोलका वाटतो. पुण्याच्या कँपात मात्र बंगल्यावर रात्रीचा रामोशी ठेवण्याची पद्धत पुढेही दीर्घकाळ चालली. न ठेवला तर चोरी होते, असा बोलबाला होता.

यानंतर आला तो कायदा ज्याने संशयालाच जातीचे नाव दिले. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तरेत लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. एखाद्या जमातीत जन्मलात एवढ्यावरून तुमचे नाव पोलिसांच्या वहीत. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हलायचे नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशी वसाहत उभी राहिली. त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. कुंपण आता वस्तीच्या भोवती नव्हते, ज्यांच्यापासून वस्ती वाचवायची असे ठरवले त्या माणसांच्या भोवती होते. १९५२ साली कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड आहेत आणि रामोशीही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण ज्यांनी केली, त्यांचे नाव त्या यादीत असणे ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी खंत आहे. गावोगावी आजही चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालांवर जाते. कायदा गेला, सवय राहिली.

मुंबईची सुरुवात वेगळी असली तरी वळण तेच. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने बेटांच्या राखणीसाठी भंडाऱ्यांचे शिबंदी दल उभे केले. १८६४ मध्ये फ्रँक सूटर पहिला पोलीस कमिशनर झाला आणि पगारी, गणवेशातला शिपाई रस्त्यावर दिसू लागला. गिरणगावाच्या चाळींना मात्र शिपायाची फार गरज पडत नसे. एका मजल्यावर वीस खोल्या, समोर सामायिक गॅलरी, गॅलरीत रात्रपाळीवरून आलेला झोपलेला आणि दिवसपाळीला निघालेला चहा पीत बसलेला. अनोळखी माणूस जिन्यावर दिसला की 'कुणाकडे?' हा प्रश्न तीन तोंडांतून येई. चाळीचे गोडवे गाण्याची मला हौस नाही; त्या नजरेचा जाच सुनांना आणि तरण्या मुलींना विचारावा. पण कुलपाचे काम ती नजर फुकट करत होती, हेही खरे.

चाळीतून ब्लॉकमध्ये आलेल्या माणसाने ती नजर मागे सोडली आणि तिच्या बदल्यात गुरखा ठेवला. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळाली. अछाम, डोटी अशा पश्चिम नेपाळच्या डोंगराळ जिल्ह्यांतून माणसे मुंबई-पुण्याकडे येत राहिली. गोरखा पलटणींचा दबदबा त्यांच्या आधी येऊन पोचला होता, म्हणून खाकी कोट घातलेला कुणीही नेपाळी 'गुरखा' ठरला. रात्री एक-दीडच्या सुमाराला विजेच्या खांबावर काठी आपटल्याचा आवाज, मग लांब शिट्टी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारावर 'साब, गुरखा' आणि हातावर काही रुपये. पावती नाही, करार नाही, आजारी पडला तर रजा नाही. पण गल्लीतल्या कुणाच्या घरी म्हातारी शेवटच्या घटका मोजते आहे, कुणाचा मुलगा परीक्षेसाठी दोनपर्यंत जागतो, कुणाचे बिऱ्हाड गावी गेले आहे, हे त्याला ठाऊक असे. जुन्या जागल्याला जवळचा असा शहरातला माणूस हाच. आणि गल्लीत घरफोडी झाली की सर्वांत आधी ठाण्यात नेऊन बसवले जाई तेही त्यालाच, हे साम्य जास्त खोल.

पहारेकऱ्याला कामगार म्हणून पाहणारा कायदा महाराष्ट्राने १९८१ साली केला. माथाडी कायद्याच्या धर्तीवर सुरक्षा रक्षक मंडळे आली. नोंदलेल्या रक्षकाला ठरलेला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा मिळू लागली. हे काम महाराष्ट्रात झाले याचा अभिमान वाटावा. पण मंडळाचा रक्षक दिसतो तो कारखान्यांच्या आणि मोठ्या कार्यालयांच्या फाटकावर. निवासी सोसायटी सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्या एजन्सीकडे जाते.

राखणदार वस्तीतलाच असला आणि त्याच्यावर वस्तीचा विश्वास असला तर काय घडते, याचे एक उदाहरण भिवंडीचे आहे. १९८४ च्या दंगलीत ते यंत्रमागांचे गाव होरपळले होते. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पोलीस आणि मोहल्ल्यातली हिंदू-मुसलमान माणसे ठरावीक दिवशी एकत्र बसू लागली. नळावरची भांडणे, भाडेकरूंचे तंटे, मिरवणुकीचा मार्ग तिथेच सुटू लागले. पोलिसांना वस्तीची ओळख झाली आणि वस्तीला पोलिसांची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. १९९४ पासून मुंबईतही मोहल्ला एकता समित्यांचे काम सुरू झाले. तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांनी ते हाती घेतले. या समित्यांना मी आपल्या राखणीच्या इतिहासातला मोठा टप्पा मानतो. तिथे पहिल्यांदाच संशय बाजूला ठेवून ओळख कामाला लावली गेली.

बहुतेक वस्त्यांनी मात्र दुसरी वाट धरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर कॅमेऱ्यांची मागणी वाढली. २०१६ मध्ये मुंबई पोलिसांचे साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे शहरभर सुरू झाले. सोसायट्यांनी आपापले लावले. पहारेकऱ्यासाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या आदर्श नियमांनुसार कामावर उभा राहण्याआधी त्याला १०० तासांचे वर्गातले आणि ६० तासांचे प्रत्यक्ष असे १६० तासांचे प्रशिक्षण मिळायला हवे. सोसायटीच्या फाटकावर काल रुजू झालेल्या मुलाला किती तास मिळाले, हे कमिटीने एजन्सीला विचारून पाहावे.

त्या मुलाच्या टेबलावर एक वही असते. नाव, कुणाकडे, वाहन क्रमांक, आत वेळ, बाहेर वेळ, सही. कुरिअरवाला रेघोट्या ओढतो, पाहुणा मोबाईल नंबरातला एक आकडा मुद्दाम चुकवतो, चारचाकीतून आलेल्याला वही दाखवण्याची छातीच होत नाही. धुणेभांडी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मात्र संध्याकाळी रोज उघडून पाहिल्या जातात. बारा-बारा तासांची पाळी, दर काही महिन्यांनी एजन्सी बदली करते, म्हणजे दोनशे घरांचे चेहरे ओळखीचे व्हायला लागले की हा दुसऱ्या फाटकावर. गावच्या जागल्याचे अर्धे काम म्हणजे माणसे ठाऊक असणे. ते काम या मुलाला करू दिले जात नाही आणि वहीला करता येत नाही. पोलिसांच्या नोंदीत दिवसाची घरफोडी आणि रात्रीची घरफोडी यांचे रकाने वेगळे असतात. दोघेही नोकरीवर जातात अशा फ्लॅटचे कुलूप भर दुपारी तुटते, आणि कुणाचा फ्लॅट दुपारी रिकामा असतो हे सोसायटीत ज्याला माहीत असायला हवे, त्याला ते कुणी सांगितलेले नसते. उलट, त्याला सांगू नका, अशीच सूचना फिरते.

नव्या संकुलांमध्ये आता इमारतीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर खुणेच्या पट्ट्या लावलेल्या असतात. रात्रीच्या फेरीत पहारेकऱ्याने प्रत्येक पट्टीला मोबाईल लावायचा, म्हणजे तो खरोखर फिरला की नाही ते कमिटीला सकाळी कळते. बऱ्याच ठिकाणी एक कॅमेरा त्याच्या खुर्चीवर रोखलेला असतो, झोपतो का ते बघायला. त्याच फाटकाच्या आत त्याच्यासाठी संडास आहे का, ही चौकशी मी अनेक सोसायट्यांत केली. काही ठिकाणी आहे. काही ठिकाणी तळमजल्यावरच्या पंपघरामागे जाऊन ये म्हणतात. आणि चोरी झाली तर चित्रण पेन ड्राइव्हवर घेऊन सेक्रेटरी ठाण्यात जातो, चौकशीसाठी मागे बसवून ठेवतात ते पहारेकऱ्याला.